फुग्यात चौथा हवा म्हणून

रविवारी पहाटे साडेपाचला पुंडलिकनगरातून गाडी काढली. शहराबाहेरच्या मैदानावर हॉट एअर बलूनचा महोत्सव होता... घरातले सगळे खुशीत, एक मी सोडून.

सांगूनच टाकतो. मला उंचीची भयंकर भीती वाटते. लहानपणी अजिबात नव्हती. कॉलेजात असताना पैजेवर पाण्याच्या टाकीवर चढलो, निम्म्यावर खाली नजर गेली, आणि तेव्हापासून ती चिकटली ती चिकटलीच.

हे फक्त माझ्या बायकोला, स्मिताला, माहीत आहे. किल्ल्यावर गेलो की माझा गुडघा दुखतो, संक्रांतीला सगळे गच्चीवर गेले की मला नेमका महत्त्वाचा फोन येतो... ती बिचारी सांभाळून घेते.

अडचण होती ओवीची, आमच्या नऊ वर्षांच्या लेकीची. स्विमिंग टँकच्या काठावर उभी राहून ती रडते, आणि मी छाती काढून सांगतो, "घाबरायचं काय त्यात? मला बघ, मी घाबरतो का कशाला?" वर्षभर हेच लेक्चर चालू आहे. आता तिनं मलाच थरथरताना बघितलं, तर कोणत्या तोंडानं बोलणार होतो मी?

म्हणून प्लॅन पक्का केला होता. स्मिता, ओवी आणि आई वर जाणार, मी खालून व्हिडिओ काढणार. कुणीतरी काढायलाच हवा ना...

मैदानावर कडाक्याची थंडी. फुगे नुकते उभे राहत होते. दोरांनी जमिनीला बांधलेले असतात, सात-आठ मजले वर जातात आणि थोड्या वेळानं खाली येतात. बर्नर भस्सकन पेटला की मी दोन पावलं मागे सरकायचो, आणि अजून तर जमिनीवरच होतो!

आमचा नंबर आला. स्मिता चढली, ओवी चढली, बहात्तर वर्षांच्या आईला धरून चढवलं. आईनं बास्केटचा काठ पकडला, दोघींकडे बघितलं आणि मला ठणकावलं, "तीन तिघाडा काम बिघाडा. तिघींनी जायचं नाय. तू पण चल."

मी म्हटलं, पदरात एक खडा बांध, तो चौथा. आमच्याकडे तिघं जण कुठं निघाले की असंच करतात. पण आई हटून बसली. "खड्याला काय कळतंय? तू चल."

मागे रांग खोळंबलेली, समोर ओवीचा फुललेला चेहरा. दोर सांभाळणारे एक चाचा हसून म्हणाले, "आ जाओ भाईसाब, जागा है!" स्मितानं माझ्याकडे हताशपणे बघितलं... आणि मी चढलो.

दोर सैल झाले आणि जमीन सरकायला लागली. त्या थंडीत मला दरदरून घाम फुटला. चेहऱ्यावर हसू चिकटवून मी लांब डोंगराकडे बघत होतो. ओवी ओरडत होती, "बाबा, खाली बघ ना, आपली गाडी!" मी न बघताच म्हणालो, "हो हो, छान दिसतेय."

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि बास्केट किंचित कलली. झालं, आता काही खरं नाही... मन दुसरीकडे लावायचं म्हणून मी माणसं मोजायला लागलो. स्मिता, ओवी, आई... आणि बर्नर सांभाळणारा पायलट. चार! माझ्याशिवायच चार होत होते!

असा काही संताप आला मला. आईच्या कानाशी जाऊन म्हणालो, "आई, पायलट धरून चार होत होते की गं!"

तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. डोळे घट्ट मिटलेले होते. "माहीत हाय मला," ती पुटपुटली. "लई भ्या वाटतंय रे मला. पोरगी आजी आजी करत होती, तिला नाय म्हणवेना. म्हटलं, तू असला तर बरं."

माझा राग कुठल्या कुठं गेला. आणि तोंडून निघून गेलं, "आई, मला पण लई भ्या वाटतंय." चांगलं मोठ्यानं... ओवीच्या समोर.

ओवी वळली. एकदा माझ्याकडे, एकदा आजीकडे बघत राहिली. "बाबा, तुला पण?" मला वाटलं आता हसेल, चिडवेल. पण तिचा चेहरा एकदम मोकळा झाला होता. तिनं एका हातानं माझा स्वेटर धरला, दुसऱ्या हातानं आजीचा पदर, आणि खाली उतरेपर्यंत दोन्ही सोडले नाहीत.

येताना क्रांती चौकात सिग्नलला थांबलो आणि एकदम आठवलं... लहानपणी वैजापूरच्या जत्रेत मी दरवर्षी आकाशपाळण्याचा हट्ट धरायचो. आई शेजारी बसायची, असेच डोळे मिटून. मला वाटायचं, देवाचं नाव घेतेय.

आरशातून तिच्याकडे बघत विचारलं, "तेव्हा पण भीती वाटायची तुला?"

"व्हय की," आई म्हणाली. "पण तुला एकट्याला कसं सोडायचं वर?"

सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजायला लागले. गाडी बाजूला घेतली आणि मागे वळून आईला थँक्यू म्हणालो... त्या पाळण्यांसाठी, चाळीस वर्षांनी का होईना.