साडूचा गुडघा आणि माझा

सकाळी सातला नांदगाव सोडलं तेव्हा मी मागच्या सीटवर पाय लांब करून बसलो होतो आणि गाडी चालवत होते आमचे साडू दिलीपराव, माझ्या मेहुणीचे यजमान. दोघांच्याही उजव्या गुडघ्याचा स्नायुबंध (हाडांना बांधून ठेवणारा पट्टा) खेळतानाच तुटला. ऑपरेशन एकाच डॉक्टरांनी केलं, माझं आठ दिवस आधी. वर्ष झालं. हे गृहस्थ आता व्हॉलीबॉलला नेटजवळ उड्या मारतात. ती जागा पंधरा वर्षं माझी होती! रविवारच्या सामन्याला मी येणार का, ते आज कळवायचं होतं. नाहीतर जागा कायमची त्यांची.

नाशिकला आधी तपासणी, मग हरसूलचा बाजार. मी जुन्या ट्रॅक्टरांची खरेदी-विक्री करतो. शून्यातून धंदा उभा केलाय, मला कुणी फसवू शकत नाही. डॉक्टरांनी साडूचं काम मन लावून केलं आणि माझं उरकलं, अशी माझी खात्री होती. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दोघांचे पाय वाकवून पाहिले.

"गुडघे सारखेच आहेत. ताकद तर तुमच्यात जास्त, अण्णा."

"मग मलाच का जमत नाही?" माझा आवाज चढला.

"दुखेल या धास्तीनं तुम्ही आधीच पाय आखडता. व्यायाम तरी पूर्ण करता का?"

"मॅडम," दिलीपराव हसत म्हणाले, "तुम्ही तीस सांगितले की हे पंधरावर सौदा मिटवतात."

मी तिथंच त्यांच्यावर उखडलो. पुढे मिसळ खायला थांबलो. त्यांनी दोनदा रस्सा मागवला, मला तेही बघवलं नाही.

त्र्यंबकच्या पुढे रस्ता डोंगरात शिरतो. उतारावर भाताची खाचरं, मध्येच एखादं कौलारू घर. हरसूलचा आठवडेबाजार भरला होता. नागली (नाचणी), वरई, सुकी मासळी, सगळं जमिनीवर मांडलेलं. दिलीपरावांना बांबूच्या टोपल्या हव्या होत्या. भाव करणं माझं काम, म्हणून मी पुढे झालो.

टोपल्यांमागची म्हातारी माझ्याकडे मान वर करून बघत राहिली. "उभ्यानं काय भाव करतोस, दादा? खाली बस, बूड बघ, मग बोल."

बूड पाहिल्याशिवाय इथं कुणी टोपली घेत नाही. मी बसलो. टोपली उलटी केली, वीण दाबली, एक सैल पट्टी सापडली. मग काय! मी भाव पाडला, तिनं चढवला.

"लय घासतोस रं! बायको पण अशीच घासून आणलीस काय?"

आजूबाजूच्या बाया हसल्या, मीही हसलो. तेवढ्यात मागून दिलीपराव ओरडले, "अण्णा, तुम्ही उकिडवे बसलात!"

झालं. त्या शब्दासरशी गुडघा दगड झाला. वर्षभरात मी असा बसलो नव्हतो. घाम फुटला, उठता येईना. दिलीपरावांनी हात पुढे केला, तो मी झिडकारला.

"बसताना कुणी धरलं व्हतं?" म्हातारी म्हणाली. "ऊठ तसाच. माझं गिऱ्हाईक अडतंय."

मी उठलो. दुखलं. पण काही तुटलं नाही.

परतताना घाटात मी विचारलं, "दिलीपराव, तुम्हाला कधी भीती वाटली नाही?"

"पहिली उडी मारायच्या आधी मैदानामागं जाऊन रडलो होतो. विचारा तुमच्या मेहुणीला."

"मग मारलीत कशी?"

"तुमच्यामुळं. म्हटलं, अण्णा आधी बरे झाले तर जन्मभर ऐकवतील."

वर्षभर मी या माणसावर जळलो, आणि तोही माझ्यावर जळून उडी शिकला. मला दया आली नाही, रागच आला, तोही स्वतःचा. माझं जळणं मी नुसतं घरी बसून वाया घालवलं होतं.

नांदगावच्या वेशीवर मी संघाच्या कप्तानाला फोन लावला. "रविवारी मी खेळणार. सध्या मागच्या ओळीत उभा करा, चालेल."

"गुडघा बरा झाला?"

"दुखतोय," मी म्हणालो. "तरी येतोय."

दिलीपरावांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पडलेला दिसला, आणि मला फार बरं वाटलं.