मळ्याची हद्द

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या बाईंचा. घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकही झालं नव्हतं. मी बीएस्सी झालो आणि सत्तरचं दशक संपता संपता त्यांच्याच शिफारशीवर तुर्भ्याच्या एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो.

बाई ओढ्यातल्या माशांवर शोधनिबंध लिहीत होत्या. त्यांनी कळवलं, "तुमच्या कारखान्यामागच्या डोंगरातून येणाऱ्या ओढ्यात मळ्या कुठपर्यंत राहतो, ते पाहा." मळ्या म्हणजे वीतभरही नसलेला मातकट मासा. खालच्या ओठामागे चकतीसारखा चोषक. त्याने तो दगड धरून ठेवतो, खळाळत्या पाण्यातही वाहून जात नाही, आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो.

रविवारी मी टेप, वही आणि चुन्याची डबी घेऊन ओढ्यावर गेलो. मळ्या दिसला की शेजारच्या खडकावर चुन्याचा ठिपका द्यायचा. ओढ्याकाठच्या गावाची शेतं नव्या शहरासाठी सरकारने नुकतीच मोजून घेतली होती. तिथे टेप नि चुना घेऊन फिरणारा माणूस कसा दिसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पुढच्या रविवारी सगळे ठिपके घासून काढलेले. काठावर एक म्हातारा बसला होता.

"काय मोजतंस रं?"

"मासे, आजोबा."

"मासं टोपलीनं मोजतान. टेपानं जमीन मोजतान."

संशय मलाही होताच. ओढ्याच्या एका वळणाखाली एकही मळ्या मिळत नव्हता. गाववालेच विष कालवून मासे मारत असणार, असं मी वहीत लिहूनही टाकलं होतं. तसं तोंडावर विचारलं.

म्हातारा उठला. मला वळणाखाली घेऊन गेला. तिथे कारखान्यांच्या भिंतीमागून एक पाइप ओढ्यात सुटत होता. त्याने पाण्यातला दगड उचलून माझ्या नाकाशी धरला. शेवाळ नव्हतं, तपकिरी साय होती. मग त्याने माझी बाही हुंगली.

"तुज्या सदऱ्याला बी ह्योच वास हाय. आता सांग, इख कोन घालतंय?"

वहीतली ती ओळ मी खोडली आणि खोलीवर येऊन पत्र लिहिलं:

आदरणीय बाईंना सा. न.

मळ्या वळणापर्यंत आहे, खाली नाही. खाली आमच्याच कारखान्याचं पाणी येतं. शिफारस तुमची होती, म्हणून तुम्हाला आधी कळवतो. हे छापलं तर माझी नोकरी राहील असं वाटत नाही, आणि घरी धाकटी दोघं माझ्या आधारावर शिकताहेत. तरी नोंद गाळू नका. ती कुणी केली, असं विचारलं तर माझं नाव सांगा.