आप्पांना सुई, आईला हिंग

वडगावच्या आमच्या घरात पुढच्या सोप्यात दोन हातमाग होते. त्यांचा खटखटाट सकाळी सुरू व्हायचा तो दिवे लागेपर्यंत. तो मधेच थांबला, असा लहानपणचा एकच प्रसंग मला आठवतो. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मूतखड्याची कळ आली तेव्हाचा.

आप्पा धिप्पाड होते. माग चालवताना पाय सोडून बसायच्या खड्ड्यातून कसेबसे वर आले, कंबर धरली आणि जमिनीवर गडाबडा लोळायला लागले. गल्ली गोळा होईल असे ओरडत होते. आईनं काकांना डॉक्टर आणायला शहापूरला पिटाळलं. डॉक्टर टांग्यातून आले, त्यांनी आप्पांच्या दंडात सुई टोचली आणि बघता बघता आप्पांचा चेहरा सैल पडला. जाताना डॉक्टरांनी अफूच्या गोळ्यांची बाटली आईच्या हातात दिली.

"ही कळ वाईट असते. भलेभले लोळतात. दुखायला लागलं की लगेच एक गोळी द्यायची, त्यांना सोसायला लावू नका."

आप्पा उठून हिंडायला लागेपर्यंत मागाला कुणी हात लावला नाही. झोपमोड नको म्हणून आईनं आम्हा पोरींना शेजारच्या घरात नेऊन बसवलं.

पुढच्या सुगीत आईचा नंबर लागला. रहाटावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. एकदम उठली, परसात जाऊन ओकली आणि खांबाला धरून उभी राहिली.

"काय झालं गं?" आप्पांनी मागावरूनच विचारलं.

"कमरंत कळ आलीया. तुमाला आलती तसलीच."

"माझ्यासारखी? मग तू हुभी कशी?"

आई उभी होती, कारण कांड्या संपत आल्या होत्या आणि त्या भरल्या नाहीत तर माग बंद पडला असता. ती परत रहाटावर बसली.

चार दिवस काढून ती मला बरोबर घेऊन चालत शहापूरला गेली. डॉक्टरांनी तिच्या पोटाला हात लावला नाही. मुलं किती, पाळी वेळेवर येते का, नवऱ्याशी पटतं का, एवढंच विचारलं.

"डॉक्टरसाहेब, त्यास्नी दिलीती ती सुई मला द्या," आई म्हणाली. "दुखणं त्येच हाय."

डॉक्टर हसले. "रोग तू सांगणार आणि औषधही तूच सांगणार? अगं, पुरुषाचं दुखणं अंगाचं असतं. बायकांचं निम्मं मनाचं. हा वात आहे. आणि अफू बायकांना देत नसतात. चटक लागली की चूल थंड पडते."

त्यांनी हिंगाच्या गोळ्या दिल्या. घरी परत येईपर्यंत आई वाटेत दोनदा खाली बसली.

घरी आप्पांच्या बाटलीत अजून गोळ्या होत्या. आईनं एक मागितली.

"डॉक्टर न्हाय म्हणाला न्हवं?" आप्पा म्हणाले. "आन् मला परत उठलं तर? तुमा बायकास्नी सोसायची सवय असतीया. इतकी बाळंतपणं काढलीस की."

आप्पा दुष्ट नव्हते. आईवर त्यांनी कधी हात उगारला नाही, बाजारादिवशी तिच्यासाठी अबोलीचा गजरा आणायला विसरले नाहीत. बोलले ते त्यांना खरंच वाटत होतं. त्यांनी बाटली ट्रंकेत टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली.

आईनं पुन्हा मागितली नाही. कळ आली की ती रहाट जोरात फिरवायची. एकदा भर दुपारी ती न्हाणीतून घामाघूम होऊन बाहेर आली. तळहातावर रक्तानं माखलेला खडा होता. तो धुऊन तिनं चिंधीत बांधला आणि त्याच पावली डॉक्टरांकडे निघाली. मीही मागोमाग गेले. डॉक्टरांनी खडा उजेडात धरून बघितला.

"ज्वारीएवढा आहे. तुझ्या नवऱ्याचा हरभऱ्याएवढा होता. बघ, लहान होता म्हणूनच सोसलास."

रस्त्यावर आल्यावर आई मोठ्यानं हसली. माणसं वळून बघायला लागली तरी हसतच होती. त्या दिवसानंतर घरात कुणी कण्हलं की ती उठून दुसरीकडे जायची. मग ते आप्पा असोत नाहीतर तापानं फणफणलेलं पोर.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. मूल आडवं होतं. उजाडल्यापासून मी तळमळत होते. सुईण आईला म्हणाली, "आक्का, बेळगावातनं नर्सबाई आणूया. ती कायतरी हुंगायला देती, कळ कमी हुती."

"नगं," आई म्हणाली.

मी तिचे पाय धरले. "आई, बोलीव गं तिला."

"मला कुणी दिलतं?"

मी किंचाळले तशी तिनं माझ्या तोंडावर हात दाबला. बाहेर पुरुष जेवायला बसले होते. मी त्या हाताला कडकडून चावले. दातांना रक्त लागलं, पण तिनं हात काढला नाही. शेवटी सुईणीनं आत हात घालून मूल फिरवलं. मुलगी झाली, जगली. मला मात्र पुन्हा मूल झालं नाही.

त्या डॉक्टरांचा मला कधी राग आला नाही. शहापूरच्या पेठेत भेटले की मी पदर सावरून त्यांना नमस्कार करायची आणि ते मुलीच्या गालाला हात लावायचे. आईशी मात्र मी ती मरेपर्यंत कामापुरतंच बोलले.