पान एकशे त्रेचाळीस

चष्म्याच्या दुकानात जवळचं दिसतंय की नाही हे तपासायला एक छापील कार्ड असतं. वर ठसठशीत अक्षरं, खाली बारीक होत गेलेली, आणि मजकूर असा रटाळ की वाचता वाचता नंबर वाढावा. आपल्या चष्मेवाल्याचं कार्ड तीन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या चहात पडून कामातून गेलं. नवीन मागवायचं तर महिनाभर वाट बघा, आणि वाट बघणं या गृहस्थाला जन्मात जमलं नाही. काचा गुंडाळायला आणलेल्या रद्दीत एक मुखपृष्ठ फाटलेली कादंबरी होती. तिचं एक पान त्याने ब्लेडने कापलं, चष्म्याच्या नाकाचे पॅड चिकटवायच्या गोंदाने पुठ्ठ्यावर डकवलं, वरून प्लास्टिक चढवलं आणि हात झटकले. उरलेली कादंबरी पंधरा दिवसांत लोकांच्या चष्म्यांबरोबर घरोघरी गेली.

पान होतं एकशे त्रेचाळीस. तेव्हापासून जो कोणी जवळचं दिसत नाही म्हणून येई, तो स्टुलावर बसून तेच पान मोठ्याने वाची. पानावर एक तरुण येतो, शर्टाच्या टोकाने चष्मा पुसतो आणि खिडकीशी उभ्या असलेल्या मुलीला म्हणतो, ‘‘मी तुमच्या भावाला विचारलं. आणि भाऊ म्हणाला की’’. इथे पान संपतं. बँकेतल्या कारकुनाने ते टपाल वाचावं तसं वाचलं, बस चालवणाऱ्याने हॉर्न दिल्यासारखं वाचलं, आणि शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी असं वाचलं की दुकानातली दुसरी तीन गिऱ्हाइकं गप्प झाली. पण वाचून झाल्यावर सगळे एकच विचारत.

‘‘मग? भाऊ काय म्हणाला हो?’’

‘‘डावा डोळा झाका,’’ चष्मेवाला म्हणायचा.

हा प्रश्न त्याला नकोसा व्हायचा, कारण भाऊ काय म्हणू शकतो हे त्याला पुरेपूर माहीत होतं. सव्वीस वर्षांपूर्वी त्यालाही एकाने विचारलं होतं. पाणीपुरवठा ऑफिसातला नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन, नंबर उणे सव्वादोन. चष्म्याचा स्क्रू ढिला झाला म्हणून हा महिन्यातून चार चार वेळा येई. स्क्रू ढिला नसायचाच. तरी चष्मेवाल्याची थोरली बहीण, ताई, तो घट्ट करून द्यायची, आणि त्या एवढ्याशा कामाला तिला दहा मिनिटं लागायची. एका सकाळी ताई आईला घेऊन दवाखान्यात गेलेली असताना ड्राफ्ट्समनने त्याला सरळ विचारलं, ‘‘तुमच्या ताईला लग्नाचं विचारायचं आहे. तुमची हरकत नाही ना?’’

चष्मेवाला म्हणाला, ‘‘मी विचारलंय तिला. ती नाही म्हणते.’’

विचारलं कुठलं! काचा घासायचं काम त्याचं असलं, तरी माणसाच्या नाकावर फ्रेम बसवण्याचा हात ताईचा होता. ती गेली तर दुकानाचं काय, आईचं काय, आपल्याला वेळेवर जेवायला कोण घालणार, असले हिशेब त्याने उभ्या उभ्या केले. ताईला त्याने सांगितलं, ‘‘त्याची बदली झाली.’’ ताई ‘‘असं होय’’ म्हणाली आणि हातातली फ्रेम पुसत राहिली. पुढे स्थळं आली, ताईने ती हसून परतवली. आई गेली. बहीण एकोणसाठची झाली, भाऊ पंचावन्नचा, आणि हे सांगायचं राहिलं ते राहिलंच. सांगितल्यावर ती काय करेल, या धास्तीने तो मूग गिळून बसला होता. एकच बहीण होती त्याला, दुसरं कोणीही नव्हतं.

शेवटी त्याच्या मनाने एक पळवाट काढली. पुस्तकातला भाऊ काहीतरी वेगळं म्हणाला असेल. छापलेला माणूस आहे, आपल्यापेक्षा बरा असेल. तो काय म्हणाला हे बघायलाच हवं. बघायचं तर पुढचं पान कार्डाच्या मागच्याच बाजूला होतं, पण ते याने स्वतःच्या हाताने पुठ्ठ्याला चिकटवलेलं. कार्ड गरम पाण्यात घालून पाहिलं, पातीने खरवडून पाहिलं. गोंद चांगल्यापैकी होता. गिऱ्हाइकांना तो तसं छातीठोकपणे सांगतही असे.

मग तो वाचनालयात गेला. चार गल्ल्यांपलीकडे, एका शिंप्याच्या दुकानावरच्या माळ्यावर ते होतं. ग्रंथपालबाई पाय दुखतात म्हणून उंच खुर्चीवर बसून असत आणि काठीने पुस्तक दाखवत.

‘‘प्रेमाच्या कादंबऱ्या,’’ चष्मेवाला घशातल्या घशात म्हणाला. ‘‘ताईसाठी.’’

‘‘त्या तीन कपाटं आहेत,’’ बाई म्हणाल्या. ‘‘कुठल्या लेखिकेच्या?’’

त्याला एकही नाव ठाऊक नव्हतं. बाईंनी काठीने पहिल्या कपाटाचा वरचा कप्पा दाखवला आणि म्हणाल्या, ‘‘डावीकडून सुरू करा म्हणावं ताईंना.’’

पहिली कादंबरी त्याने नुसतं पान एकशे त्रेचाळीस बघून परत करायची ठरवली होती. ते हे पान नव्हतं. पण उघडलंच आहे तर चार ओळी वाचू म्हणून बसला, आणि घासायच्या यंत्रावर लावलेली काच तशीच राहिली. नायिकेला ताप आला होता, नायक तीन मैल चालत औषध आणायला गेला होता आणि औषधाच्या दुकानाला कुलूप होतं. आता बोला! चष्मेवाल्याने गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून सांगितलं.

मग काय, याला नादच लागला. आठवड्याला दोन, पुढे तीन. दुपारी मागच्या खोलीत, यंत्राच्या आडोशाला, काचांच्या डब्यांमागे पुस्तक लपवून पंचावन्न वर्षांचा बाप्या प्रेमाच्या कादंबऱ्या वाची आणि नाक ओढी. आधी त्याला वाटायचं, या सगळ्या एकसारख्याच असतात. वाचता वाचता लक्षात आलं की चष्मा डोळ्यावर बसवताना जसं ‘यात बरं दिसतं, की यात?’ करत काच बदलत जावी, तशीच लेखिका बदलत गेलं की फरक कळतो. एकीच्या प्रत्येक कादंबरीत सातव्या प्रकरणात कोणीतरी आजारी पडायचंच, तिचं नाव त्याने तापवाल्या बाई ठेवलं. दुसरी पत्रवाली. तिच्या माणसांना समोरासमोर बोलता म्हणून यायचं नाही, पण पत्रं अशी लिहीत की वाचणाऱ्याने उठून पाणी प्यावं. एक होती भांडखोर, तिचे नायक-नायिका दोनशे पानं एकमेकांचं डोकं खात आणि मग एका परिच्छेदात गप्प होत. त्या एका परिच्छेदासाठी चष्मेवाला तिच्यावर फिदा होता.

‘‘पत्रवालीचं अजून काही आहे का?’’ तो विचारी.

‘‘ही कोण?’’ ग्रंथपालबाई म्हणत, आणि त्याने गोष्ट सांगितली की काठी बरोबर पुस्तकावर जाई. पुढे त्याही तीच नावं वापरू लागल्या. ‘‘भांडखोर नवीन आलीये. ताईंना सांगा, या वेळी अडीचशे पानं भांडलीये.’’ ताईंच्या वाचनाचं बाईंना फार कौतुक होतं. इतकं वाचणारी दुसरी सभासद नाही, म्हणाल्या. चष्मेवाला शरमेने जिन्याकडे बघे.

तरी एकशे त्रेचाळीसचा शोध सुटला नव्हता, आणि तो लागला तो त्याच्या धंद्यामुळे. शर्टाच्या टोकाने चष्मा पुसणं हे चष्मेवाल्याच्या लेखी महापाप. काचेवर चरे पडतात. या अपराधाबद्दल तो चांगल्या चांगल्या गिऱ्हाइकांना फैलावर घेई. दुसऱ्या कपाटात त्याला एक लेखिका सापडली, जिचे नायक हे पाप दर वीस पानांनी करत. तिच्या पाचही कादंबऱ्या त्याने चाळल्या, पान मिळालं नाही. मग खालच्या कप्प्यात वेगळ्याच नावाच्या लेखिकेचा नायकही शर्ट वर ओढून काच घासताना दिसला, तेव्हा हा ताडकन उठून वाचनालयात गेला.

‘‘या दोघी एकच आहेत,’’ तो म्हणाला.

ग्रंथपालबाई खुर्चीवरून खाली उतरल्या, हे सहसा होत नसे. ‘‘मला हे बावीस वर्षांनी कळलं होतं, तेही प्रकाशकाच्या माणसाने सांगितलं म्हणून. तुम्हाला कसं कळलं?’’

‘‘चष्म्यावरून,’’ तो म्हणाला. ताईचं नाव घ्यायलाही विसरला. बाई नुसत्या हसल्या आणि दुसऱ्या नावाच्या नऊ कादंबऱ्या त्याच्या हातात ठेवल्या.

सहावी ती होती. जिन्याच्या पायरीवरच बसून त्याने पान उलटलं. ‘‘तुम्ही नाही म्हणता,’’ असं भाऊ म्हणाला होता. आणि खिडकीशी उभी असलेली ती म्हणत होती, ‘‘मला तर कोणी विचारलंच नाही.’’

शिंप्याची मशीन खडखडत होती. चष्मेवाला पुस्तक मिटून कितीतरी वेळ तिथेच बसला. त्याला त्या छापलेल्या भावाचा संताप आला, असा की समोर असता तर दोन लगावल्या असत्या. मग संताप करायला तो भाऊ उरला नाही, हाच एकटा उरला. पुढे तो भाऊ शेवटच्या प्रकरणात सुधारतो, स्वतः जाऊन सगळं कबूल करतो, पण तोवर पानं जातात जेमतेम सत्तर. सव्वीस वर्षांची कादंबरी कोणी लिहिली नव्हती.

दुकानात ताई एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या कानामागे चष्म्याची काडी वाकवून बसवत होती. गिऱ्हाईक गेल्यावर त्याने तिला सगळं सांगितलं. मध्ये थांबला नाही, सबबी सांगितल्या नाहीत. ‘‘बदलीबिदली काही झाली नव्हती. मी खोटं बोललो. तू जाशील म्हणून घाबरलो होतो. ताई, मी फार वाईट वागलो.’’

ताईने हातातली पक्कड खाली ठेवली.

‘‘मला वाटलं, त्याला माझी खोडी कळली,’’ ती म्हणाली. ‘‘स्क्रू ढिला नसतानाही मी दहा मिनिटं लावते हे कळलं, लाज वाटली त्याला माझी, म्हणून गेला न सांगता. सव्वीस वर्षं मला वाटतंय की मीच उथळ वागले. तुला कळतंय का छोट्या, तू काय केलंस?’’

त्याला कळत होतं. ताई दुकानावरच्या घरात निघून गेली. चार दिवस ती फक्त दुकानापुरतं बोलली, ‘पन्नासची फ्रेम दे’ आणि ‘गिऱ्हाईक आलंय’. जेवण वाढायची, पण समोर बसायची नाही. वाचनालयाचं पुस्तक त्याने उघडलं नाही. मनवायलाही तो गेला नाही, कारण कादंबऱ्यांतून एवढं तरी तो शिकला होता की रागावलेल्या माणसाला घाई करू नये.

पाचव्या दिवशी सकाळी ताई मागच्या खोलीत आली. काचांच्या डब्यांमागे न बघता हात घालून तिने पुस्तक काढलं.

‘‘तू दुपारी डुलक्या काढतोस तेव्हा मी वाचते ही,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या नावावर आणतोस ना? मग. भांडखोर बाई मलाही आवडते.’’ ती थोडी थांबली. ‘‘राग गेलेला नाही माझा. जाईल तेव्हा सांगेन. पण त्याचा पत्ता शोध.’’

‘‘ताई, तू म्हणशील तसं मी जाऊन त्याला...’’

‘‘तू फक्त खोटं बोललास तेवढं कबूल कर. पुढचं काही बोलू नकोस.’’

पाणीपुरवठा ऑफिसातले दोघे-तिघे हल्ली दुकानात येत, त्यामुळे पत्ता दोन दिवसांत मिळाला. ड्राफ्ट्समन निवृत्त झाला होता. त्याचं लग्न झालं होतं, बायको सहा वर्षांपूर्वी गेली होती, आणि मुलगी परगावी असते. हे सगळं चष्मेवाल्याने ताईला जसंच्या तसं सांगितलं. आता तो तिच्यापासून काही गाळणार नव्हता. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि केस विंचरायला गेली.

तिसऱ्या मजल्यावरचं दार ड्राफ्ट्समननेच उघडलं. केस पांढरे झाले होते, हातात पेन्सिल होती. त्याने चष्मेवाल्याला ओळखलं आणि त्याचा चेहरा आक्रसला.

‘‘आता कशाला आलात?’’

चष्मेवाल्याने वाटेत पत्रवाल्या बाईला शोभतील अशी तीन वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही तोंडातून बाहेर पडेना.

‘‘तेव्हा मी ताईला विचारलंच नव्हतं,’’ तो म्हणाला. ‘‘ती नाही म्हणाली नव्हती. मी खोटं सांगितलं तुम्हाला. माफ करा म्हणायलाही तोंड नाही मला.’’

ड्राफ्ट्समनने पेन्सिल खिशात ठेवली. मग दाराची चौकट धरून त्याने विचारलं, ‘‘मग काय म्हणाली असती ती?’’

‘‘ते मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही,’’ चष्मेवाला म्हणाला. ‘‘ती जिन्यात आहे. स्वतः सांगते म्हणाली.’’