आधी पंखा बंद करा

रूथताई कुणाच्याही घरी गेल्या, की पाणी घ्यायच्या आधी छताकडे बघत आणि म्हणत, "आधी पंखा बंद करा." एप्रिल असो, मे असो, नंदुरबारच्या उन्हात डांबर चपलेला चिकटत असो, त्यांना फरक पडत नसे. मग मांडीवरच्या काळ्या पेटीतून त्या ते वाद्य बाहेर काढत. अर्धा भोपळा उभा चिरावा तसं पोट, पातळ लाकडी फाका जोडून केलेलं. मान रुंद, आणि खुंट्यांचा भाग मागे मोडल्यासारखा काटकोनात वळलेला. पहिल्यांदा बघणारा हमखास म्हणे, "अरेरे, मोडलं की हो." त्या म्हणत, "चारशे वर्षांपासून असंच मोडलेलं आहे."

त्याचं नाव ल्यूट. युरोपातलं जुनं वाद्य. गिटार नव्हे, आणि गिटार म्हटलेलं त्यांना खपत नसे. आवाज इतका हळू, की छतावरचा पंखा फिरत असला तर अर्धे सूर त्याच्या घरघरीत जात. म्हणून ती अट. लोक कुरकुरले की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "चाळीस मिनिटांत कोणी वितळत नाही."

रूथताई खांडबाऱ्याजवळच्या एका डोंगरी पाड्यावरच्या. घर आदिवासी ख्रिस्ती, शेती थोडी, बाकी मजुरी. डोंगराकडच्या एका दवाखान्यात हॉलंडच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांच्या भिंतीवर ल्यूट टांगलेलं असे. आई तिथे झाडलोट करायची आणि नऊ वर्षांची रूथ सोबत जायची. वाळवायला टांगलेला भोपळा समजून तिने त्याच्यावर टिचकी मारली. "आतून कोणीतरी ओ दिली," असं त्या सांगत. बाईंनी शिकवलं, पुढे हॉलंडच्या संगीतशाळेत पाठवलं. रूथताई तिथे सव्वीस वर्षं राहिल्या. जुन्या चर्चमधून, किल्ल्यांमधून वाजवत फिरल्या. सहा रेघांवर अक्षरं मांडलेल्या जुन्या वह्या वाचून, शेकडो वर्षं कुणी न वाजवलेल्या चिजा त्यांनी पुन्हा वाजत्या केल्या. आई अंथरुणाला खिळली तेव्हा परत आल्या. आई गेल्यावरही इथेच राहिल्या.

मी लोणखेड्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. गाव रनाळे, घरची शेती. माझी त्यांची ओळख झाली ती तातीमुळे. वाद्याच्या मानेवर पडदे असतात ते धातूचे नसतात. आतड्याची बारीक दोरी गुंडाळून गाठ मारायची, हाच पडदा. त्यांचं परदेशातलं पार्सल कुठेतरी अडकलं होतं. कापूस पिंजायच्या धनुकलीला असते ती तातही आतड्याचीच, हे आठवून त्या पिंजारी शोधत रनाळ्याला आल्या. आमच्या गल्लीत एक म्हातारे पिंजारी चाचा होते. रस्ता दाखवायला मी सोबत गेलो.

चाचांनी सगळ्यात बारीक तात काढून दिली आणि विचारलं, "बाई, हाई तात कापूससाठे शे. तुम्ही काय पिंजशात?"

"मानसं पिंजसू चाचा," त्या म्हणाल्या.

चाचा इतके हसले की त्यांना खोकला लागला. पाड्यावरच्या बाईला आमची अहिराणी अशी येते, याचं मला नवल वाटलं. आज त्या नवल वाटण्याचीच लाज वाटते.

नंतर मी खांडबाऱ्याला अधूनमधून जाऊ लागलो. पंखा बंद, दार लोटलेलं, मी घामाने भिजलेला आणि त्या वाजवत असलेल्या. पहिल्या दोन वेळा मला खरंच काही कळलं नाही. तिसऱ्या वेळी जाणवलं, की मी श्वाससुद्धा दबकत घेतोय.

एकदा मी तो प्रश्न विचारला, जो त्यांना प्रत्येकजण विचारत असे. "ताई, तुमच्या लोकांत फुंकायची पावरी आहे, ढोल आहे. त्यातलं काही का वाजवत नाही?"

त्यांनी वाद्य खाली ठेवलं. "सर, सव्वीस वर्षं तिकडचे म्हणायचे, छान वाजवता, आता तुमच्या गावचं काहीतरी वाजवा. दागिने घालून बसा. इकडे आले, तर इकडचेही म्हणतात, तुमच्या गावचं वाजवा. पावरी वाजवणारे माझे मामा होते, त्यांची पावरी मी रडत ऐकलीय. पण मला येतं ते हे. मी रोज सहा तास करते ते माझं. कोणाला दाखला पाहिजे असेल तर बोटं दाखवते." आणि खरंच त्यांनी डावा हात पुढे केला. बोटांच्या टोकांना तारांचे घट्टे होते, आईच्या हाताला विळ्याचे असतील तसे.

मी सांस्कृतिक समितीचा प्रमुख होतो. आमच्या सभागृहात त्यांचा कार्यक्रम करायचा मी घाट घातला. आपल्या जिल्ह्यात त्यांनी तोवर एकदाही लोकांसमोर वाजवलं नव्हतं. त्यांनी तीन अटी घातल्या. पंखे बंद. माइक नाही. आणि बॅनरवर वाद्याचं खरं नाव. "तिसरी अट सगळ्यात मोठी," त्या म्हणाल्या. "पहिल्या दोन मोडल्या तर वाजवणं ऐकू येणार नाही. तिसरी मोडली तर मी आलेच नव्हते असं होईल." मी शब्द दिला. नुसता दिला नाही, हातावर हात मारून दिला.

बॅनर छापणाऱ्या पोराने 'ल्यूट' असा शब्द आयुष्यात वाचला नव्हता. त्याला वाटलं सरांची चूक झाली, म्हणून त्याने ती सुधारली. नमुना आला तो थेट आमच्या संस्थेचे अध्यक्ष आप्पा यांच्या मोबाइलवर. वर आप्पांचा हसरा फोटो, त्याखाली मोठ्या लाल अक्षरांत, 'लूट : एक अविस्मरणीय सायंकाळ'.

आप्पांचा फोन आला. "सर, हाई काय शे? मन्हा फोटोना खाले लूट?"

"आप्पा, ते वाद्यनं नाव शे. ल्यूट. छापणारानी चूक शे, सुधारी लेतो."

"सुधारीसन बी लोके लूटच वाचतीन. आधीच कोन काय बोली ऱ्हायनं, तुम्हले माहीत नई का? बदली टाका. आदिवासी बाई शे ना? मंग आदिवासी वाद्य लिखा. कार्यक्रम बी शोभी."

मी एवढंच म्हणायला हवं होतं, की आप्पा, मी शब्द दिला आहे. मी म्हणालो, "बरं आप्पा." माझी बढतीची फाइल त्यांच्या टेबलावर होती, हे कारण मी बरीच वर्षं स्वतःलाही सांगितलं नाही.

बॅनर आला. 'आदिवासी तंतुवाद्य महोत्सव'.

रूथताई संध्याकाळी साडेपाचला पेटी घेऊन सभागृहात आल्या. त्यांनी बॅनर वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता परत जातील, आणि खरं सांगायचं तर परत गेल्या तर बरं, असंही वाटलं. त्या स्टेजवर गेल्या. समोर माइक होता. त्या उभ्या राहून त्यात बोलल्या, "हे आदिवासी वाद्य नाही. हे ल्यूट आहे. मी आदिवासी आहे. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. खोटा आहे तो बॅनर." मग माइक हाताने बाजूला सारला, बसल्या आणि म्हणाल्या, "आधी पंखे बंद करा."

पहिल्या रांगेतून आप्पा हसले. "बाई, बेचाळीस डिग्री शे. लोके मरतीन." सभागृह त्यांच्यासोबत हसलं.

पंख्यांची बटणं भिंतीवर, माझ्या डाव्या हाताशी होती. सहा बटणं. मी त्यांच्यावर बोटं ठेवली. आप्पांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी बोटं काढून घेतली.

रूथताईंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि वाजवायला सुरुवात केली. सहा पंख्यांखाली काहीही ऐकू येत नव्हतं. नुसती बोटं हलताना दिसत होती. दहा मिनिटांत आप्पा उठले, त्यांच्यामागे पहिली रांग उठली, मग मुलं. खुर्च्यांचे आवाज, शिट्ट्या, एकाने "आवाज वाढवा ना मॅडम" असंही ओरडून घेतलं. त्यांनी एकही चीज गाळली नाही, गती वाढवली नाही. चाळीस मिनिटं पूर्ण वाजवलं. शेवटी रिकाम्या खुर्च्यांपुढे उभ्या राहून त्यांनी वाकून नमस्कार केला, तिकडच्या मोठ्या सभागृहांत करत असतील तसाच.

पेटीची कडी लावताना मला विचारलं, "सर, बटणं कोणत्या हाताला होती?"

"डाव्या."

"मला दिसत होतं," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी बटणं उजव्या हाताला येतील असे उभे राहा. बघू, तो चालतो का."

त्यानंतर दीड वर्ष मी खांडबाऱ्याला गेलो नाही. बढती झाली. पेढे वाटले. मग एका रविवारी गेलो. त्यांनी दार उघडलं, घाम पुसायला गमछा दिला. मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी मी..."

"बोलायला आलात की ऐकायला?"

त्यांनी पंख्याच्या बटणाकडे बोट केलं. मी उठून ते बंद केलं. त्यांनी तासभर वाजवलं. नंतर दर महिन्याला जात राहिलो, पण माझं ते वाक्य कधी पूर्ण झालं नाही. त्यांनी होऊ दिलं नाही. मोकळं व्हायची सोय त्यांनी मला मुद्दाम दिली नाही, असं मला वाटतं, आणि ते बरोबरच होतं.

मागच्या मार्चमध्ये त्या गेल्या. सकाळी प्रार्थनेला उठल्या नाहीत म्हणून शेजारणीने दार ढकललं. वाद्य पेटीत होतं, तारा सैल करून ठेवलेल्या. रोज झोपण्यापूर्वी त्या तसंच करत.

वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, परदेशातून कुणीतरी हळहळल्याच्या. ते वाचून आप्पांनी कॉलेजात शोकसभा ठेवली. तेच सभागृह. नवा बॅनर, 'आदिवासी वाद्याच्या थोर उपासक'. दोन भाषणं झाली. मग आप्पा म्हणाले, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या. सगळे उभे राहिले. डोक्यावर पंखे घरघरत होते.

मी भिंतीकडे गेलो आणि उजव्या हाताने सहाही बटणं बंद केली.

पाती थांबायला वेळ लागला. मग बॅनरची एक कड भिंतीवर हलकी आपटताना ऐकू आली. कुणीतरी नाक ओढलं. दोन मिनिटं झाली, लोक बसले. आप्पा म्हणाले, "सर, पंखा." मी बटणांसमोरून हललो नाही.

"आप्पा, मले बोलनं शे," मी म्हणालो. माइक घेतला नाही. सांगितलं, की हा बॅनर खोटा आहे, आधीचाही खोटा होता, आणि तो मी लिहवून घेतला होता. तीन अटी सांगितल्या, दिलेला शब्द सांगितला, डावा हात सांगितला. वर जे लिहिलं आहे ते सगळं. मागच्या रांगा उठून गेल्या. मी थांबलो नाही.

आप्पा मात्र बसून राहिले. गेले असते तर मला सोपं झालं असतं. सदरा पाठीला चिकटलेला, टोपी काढून तिनेच वारा घेत शेवटपर्यंत बसले. मी संपवल्यावर कोरडेपणाने म्हणाले, "काय नाव सांगं तुम्ही त्या वाद्यनं? लूट?"

"ल्यूट, आप्पा."

"तेच ते. लूट."

"तेच नई," मी म्हणालो, आणि बटणांवरचा हात न काढता पुन्हा सांगितलं, "ल्यूट."