घाटावरच्या लाइटहाऊसचे पाच फोटो

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. चौकात उतरवून टाकलेला नारळ दिसला तर मी तो ओलांडून सरळ ऑफिसला जाते. ह्या ग्रुपवर लोक जे अनुभव लिहितात ते माझा नवरा रोज चहाबरोबर मोठ्यानं वाचतो, आणि मी कणीक तिंबता तिंबता म्हणते, ह्या लोकांना काही कामधंदा नाही. आता माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे. आणि खरं सांगू? मला भीती वगैरे वाटलेली नाही... मला वैताग आला आहे.

मी टिळकवाडीत राहते आणि बेळगावातल्या एका सरकारी ऑफिसात जुन्या इमारतींच्या फाइली बघते. नोकरीची चार वर्षं शिल्लक आहेत, त्यामुळे ऑफिसचं नाव विचारू नका. जांबोटी ओलांडून पश्चिमेला गेलं की घाटमाथ्यावर एक दगडी मनोरा आहे. उंची साधारण तीन मजले, आत गोल जिना, वर चारी बाजूंनी काचा लावलेली खोली आणि त्या खोलीत पितळी दिवा. खालून कोकणातून चढून येणाऱ्या बैलगाड्यांना धुक्यात वाट दिसावी म्हणून इंग्रज साहेबाच्या काळात बांधलेला. गावातले लोक त्याला बत्तीबुरूज म्हणतात. आमच्या जुन्या रजिस्टरात मात्र इंग्रजीत ‘लाइटहाऊस’ अशी नोंद आहे.

हा मनोरा अभयारण्याच्या हद्दीत घ्यायचा असं ठरलं, आणि हस्तांतराची फाइल माझ्या टेबलावर आली. पहिल्यांदा ती वरून परत आली ती ‘लाइटहाऊसचा विषय बंदर खात्याकडे पाठवावा’ असा शेरा घेऊन. मी उत्तर दिलं की इथून समुद्र दिसतसुद्धा नाही. मग दुसरा शेरा आला, ‘समुद्र नसताना लाइटहाऊस कशासाठी, खुलासा करावा.’ दोन महिने नुसते ह्यातच गेले. पत्रं कानडीत, जुनं रजिस्टर इंग्रजीत, गावकऱ्यांचे अर्ज मराठीत, आणि ह्या तिन्हींचा मेळ घालणारी मी एकटी.

शेवटी सगळे क्लार्क करतात तेच मी केलं. निपाणीकडच्या एका पडक्या विश्रामगृहाची जुनी फाइल काढली आणि तिचा मसुदा जसाच्या तसा उतरवला, फक्त नाव आणि सर्व्हे नंबर बदलला. त्यात एक वाक्य होतं... ‘सदर इमारत गेली बारा वर्षे वापरात नाही व तिच्यावर कोणाचाही वहिवाटीचा हक्क नाही.’ तेही तसंच गेलं. वाचताना मला दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. दिसलं होतं. पण वापरात नाही म्हटलं की फाइल पळते, हे मला तीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलंय.

आता बुरूज वापरात होता का? होता. परशराम आप्पा म्हणून अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ तिथे पावसाळाभर करंजाच्या तेलाचा दिवा लावत. रात्रीचा नाही, दिवसाचा! आषाढ-श्रावणात तिथे भर दुपारी हातभर अंतरावरचं दिसत नाही. घाटाच्या पोटात गवळी-धनगरांची सहा-सात घरं आहेत. दूध घालायला, बाजाराला, दवाखान्याला ती माणसं पायवाटेनं वर येतात. एका ठिकाणी ती वाट अगदी कड्याच्या काठानं जाते. तिथे दिवा उजव्या खांद्याकडे ठेवून चालायचं आणि तो समोर आला की वळायचं, एवढंच त्यांना ठाऊक. आप्पांच्या आधी त्यांचे वडील हेच काम करायचे, त्यांच्या आधी आजोबा.

जंगल खात्याबरोबर जागेची पाहणी झाली तेव्हा आप्पा हजर होते. धुतलेला पटका बांधून आले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाई, आमच्या दिव्याचं लिवलासा न्हवं त्यात?”

मी म्हणाले, “हो हो, सगळं लिहिलंय.”

“मग बरं झालं.” असं म्हणून त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली, कारण हस्तांतर होईपर्यंत किल्ली आमच्या ताब्यात ठेवायची होती. “फकस्त धुकं उतरायच्या आत परत द्या म्हंजे झालं.”

दोन दिवसांत पाठवते म्हणाले आणि विसरले. त्याच आठवड्यात आप्पा अंगणातल्या शेवाळावरून घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. सुनेनं, म्हणजे लक्ष्मीआक्कानं, त्यांना बेळगावच्या दवाखान्यात आणलं. मुलगा गोव्याला कामाला. त्यामुळे किल्ली मागायला कोणी आलंच नाही, आणि ती माझ्या पर्समध्येच राहिली. हे नीट लक्षात ठेवा... बुरुजाला एकच दरवाजा, त्याला एकच कुलूप, आणि किल्ली माझ्याकडे.

मग वरून मागणी आली, इमारत वापरात नसल्याचा फोटो जोडा. हल्ली फोटोवर वेळ, तारीख आणि ठिकाण आपोआप उमटणारं अ‍ॅप असतं, त्यातूनच काढलेला हवा. ड्रायव्हर बसवराजला घेऊन गेले. सकाळचे अकरा, सगळीकडे धुकं. कुलूप काढलं, वर गेले, विझलेल्या दिव्याचा फोटो काढला, पाठवून दिला आणि कॅम्पातून डबल रोटी घेऊन घरी आले. चौथ्या दिवशी फाइल परत! शेरा असा, ‘छायाचित्रात दिवा जळत असल्याचे दिसते. खुलासा करावा.’

मी चष्मा पुसून फोटो पाहिला. ज्योत होती. चांगली बोटभर, पिवळी, स्वच्छ.

काचेवरचं प्रतिबिंब असेल असं मीही म्हटलं. प्रतिक्रियांमध्ये लेन्सबद्दल शिकवू पाहणाऱ्यांना हात जोडून विनंती, थोडं थांबा. आठ दिवसांनी पुन्हा गेलो. ह्या वेळी माझा फोन आणि बसवराजचा फोन, दोन्ही घेतले. वात मी बोटानं चाचपली, कोरडी आणि थंड होती. फोन समोर धरला तर स्क्रीनवर ज्योत. फोन खाली केला तर काही नाही. बसवराजच्या फोनमध्येही तेच.

बसवराज म्हणाला, “मॅडम, बेडा, नको. मी खाली गाडीत बसतो.”

“गाडीत बसून फाइल पुढे जाणार आहे का?” मी ओरडले. पण तो तोवर अर्धा जिना उतरला होता.

तिसऱ्या खेपेला मी दिवाच काढला. स्क्रू गंजलेले, माझ्या हाताची सालं निघाली. पोत्यात गुंडाळून दिवा जीपमध्ये ठेवला आणि रिकाम्या खोलीचा फोटो घेतला. रिकाम्या खोलीत, जिथे वात असते बरोबर तेवढ्याच उंचीवर, ज्योत! खाली दिवा नाही, काही नाही. मला अक्षरशः रडू फुटलं... घाबरून नाही हो, संतापानं. आता ह्याचा खुलासा कोणत्या भाषेत लिहायचा?

आमच्या साहेबांनी फोटो पाहिला, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाले, “डिलीट माडी, काढून टाका. नाही तर वरचा भाग कापा आणि नुसती भिंत पाठवा.”

साहेबांची बुद्धी ही एवढी. मी उठले आणि रिक्षा करून तडक दवाखान्यात गेले. आप्पांना जाब विचारायचा होता. कशाबद्दल, ते मला तरी कुठे ठाऊक होतं? आप्पा पायाला वजन लावून निजले होते. आक्का शेजारी मोसंबी सोलत होती. मला बघून आप्पांनी नमस्कार केला, आणि माझं सगळं अवसानच गळालं. मी खरं सांगून टाकलं. बारा वर्षांचं वाक्य, निपाणीची फाइल, सगळं.

आप्पा छताकडे बघत म्हणाले, “बारा वर्सं? माझी बायको गेली त्या दिशीबी मी लावून आलतो बाई.”

आक्कानं मोसंबीच्या फोडी माझ्यापुढे केल्या.

“वर धुकं हाय का?” आप्पांनी विचारलं.

“आहे. तीन आठवडे झाले, हललेलं नाही.”

“आनि किल्ली?”

मी पर्सकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. एवढं होऊनसुद्धा मला काय सुचलं, तर फाइल दुरुस्त करायचं! मी त्याच पावली ऑफिसला परतले आणि नवा मसुदा केला. ‘सदर मनोऱ्यात धुक्याच्या दिवसांत दिवा लावला जातो. दिवा लावण्याची परशराम यांच्या घराण्याची पिढीजात वहिवाट असून ती पुढे चालू राहावी.’ साहेब कुरकुरले, पण कापलेल्या फोटोपेक्षा हे बरं म्हणून तयार झाले. मंगळवारी सकाळी अकराला सह्या झाल्या. मला फार हलकं वाटलं. येताना आप्पांसाठी कुंदा घेतला.

बुधवारी जाऊन दिवा जागच्या जागी बसवला आणि चौथा फोटो काढला. साधा, विझलेला दिवा. स्क्रीनवर काही नाही, डोळ्यांना काही नाही. मी बसवराजला पेढा दिला. आणि गुरुवारी संध्याकाळी फाइल परत! ‘दिवा वापरात असल्याचे नमूद केले आहे, परंतु छायाचित्रात तो विझलेला दिसतो. खुलासा करावा.’

माणसाचं डोकं फिरायला आणखी काय लागतं? शुक्रवारी सकाळी मी करंजेल, वाती आणि काडेपेटी घेऊन निघाले. म्हटलं, तुम्हाला पेटलेला हवाय ना, घ्या पेटलेला. सहाव्या काडीला वात धरली. मागची पत्र्याची थाळी पदरानं पुसली तसा उजेड धुक्यात पसरला. पाचवा फोटो काढला. ज्योत फोनमध्येही होती आणि डोळ्यांपुढेही. एकदाचं जमलं म्हणून मी फुंकर घालणार, तेवढ्यात खालून हाक आली.

“आप्पाऽऽ! आलो रंऽ! इझवू नगो!”

मी ज्योत तशीच जळत ठेवली. अर्ध्या तासानं धुक्यातून दोन माणसं वर आली, खांद्यावर घोंगडीची डोली. डोलीत एक म्हातारी होती. तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. तिचा मुलगा आणि सून तिला घेऊन आले होते. बसवराजनं न सांगता जीप सुरू केली. म्हातारीला मागच्या सीटवर निजवता निजवता सून मला म्हणाली, “आप्पा कुठं हाईत?”

“ते तीन आठवडे झाले, दवाखान्यात आहेत.”

तिनं माझ्याकडे विचित्र बघितलं. “मग रोज दिवा कोन लावत हुतं?”

“रोज?”

“रोज की. धुकं पडल्यापास्नं सोमवारपतुर येक दीस चुकला न्हाय. आमी दूध घालून गेलो त्या उजेडानं. मंगळवारीच दगा झाला बगा. ह्या मामींना लई धाप लागली म्हून घेऊन निघालतो. निम्म्या वाटंवर आलो, कड्याजवळ... आनि डोळ्यादेखत गेला दिवा. पुडं जाता येईना, मागं जाता येईना. तिला मांडीवर घेऊन चार तास बसलो तिथंच. मग हातानं चाचपत परत खाली उतरलो. आज तरी दिवा दिसंल म्हून पुन्ना निगालो.”

“किती वाजले असतील तेव्हा?”

“घड्याळ कुठलं? अकरा झालं आसतील.”

म्हातारीला खानापूरच्या दवाखान्यात पोचवलं. ती वाचली. चार दिवसांनी मी भेटायला गेले तेव्हा चहा मागत होती.

पण मला अजून नीट झोप लागत नाही. मी खोटं लिहिलं होतं तोवर तो दिवा कोणीतरी सांभाळत होतं. कोण, ते मला माहीत नाही. मी खरं लिहिलं, ‘दिवा लावला जातो’ म्हणून सही केली, आणि किल्ली पर्समध्ये घालून कुंदा आणायला गेले. लिहिलं म्हणजे झालं, असं मला वाटलं. त्या चार तासांत ती म्हातारी कड्यावरच दगावली असती तर त्याचा खुलासा कोणाला मागितला असता?

फाइल आता जंगल खात्याकडे आहे. तेलाऐवजी सौर दिवा बसवावा असा त्यांचा विचार चालू आहे म्हणे. आप्पा काठी घेऊन चालतात, पण जिना चढू शकत नाहीत. किल्ली मी शनिवारीच आक्काच्या हातात दिली. तिची लेखी पोच घेतलेली नाही, हे ऑफिसात कोणाला सांगू नका.

फोटो मी दोन-चार जाणकारांना दाखवले. कोणी म्हणालं अ‍ॅपमध्ये दोष, कोणी म्हणालं मीच थकले असेन. बसवराज विषयच काढू देत नाही. मला उत्तर सापडलेलं नाही आणि आता मी शोधतही नाही. सकाळी पोळ्या लाटताना पश्चिमेकडे ढग उतरलेले दिसले की मी पिठाच्या हातानं फोन उचलते आणि आक्काला विचारते, “लावला का गं?” रेंज धड नसते, तीनदा विचारावं लागतं. ती म्हणते, “व्हय बाई, लावलो.” मग मी पुढची पोळी टाकते.