दोन सीटांचं विमान

तुम्हा दोघांना यातलं काही आठवणार नाही. धाकटा तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता, आणि थोरलीला आठवलं तरी ती कबूल करायची नाही. म्हणून मीच लिहून ठेवते. तुम्ही ग्वाल्हेर सोडून परदेशी गेलात, त्याच्या आधीचे पंधरा दिवस थोरलीची, म्हणजे तुझी, पक्की समजूत होती की विमानात दोनच माणसं बसतात. आणि त्या दोघांत आपण नाही.

पाच वर्षांच्या मुलीने दुसरं काय समजायचं? तुझे बाबा एअरफोर्समध्ये. तुमचं क्वार्टर तळाच्या आवारात, रोज डोक्यावरून लढाऊ विमानं कडाडत जायची. एकदा बाबांनी तुला शिडीवर उचलून धरून आतलं दाखवलं होतं. पुढे एक सीट, मागे एक सीट, बस. तोवरच्या सगळ्या बदल्या तुम्ही रेल्वेने केल्या होत्या. मग बाबांना परदेशातल्या आपल्या वकिलातीत नेमलं आणि ते महिनाभर आधी एकटेच गेले. एकटे गेले म्हणजे तुझ्या मते सगळं जुळलंच. दोन सीटा, एक पायलटची, एक बाबांची.

क्वार्टर रिकामं करून तुम्ही तिघं ग्वाल्हेरातच, जुन्या लश्कर भागात, माझ्याकडे आलात आणि माझ्या नीटनेटक्या घराचा प्लॅटफॉर्म झाला. पलंगांवर बॅगा उघड्या, बॅगांत धाकटा. आम्ही त्याला एका बॅगेतून काढायचो, की तो दुसरीत जाऊन बसायचा. मी प्रत्येक बॅगेची वेगळी यादी केली होती, शिवाय सगळ्या याद्यांची मिळून एक यादी.

तुझी आई म्हणाली, "आई, तुझ्या याद्यांचंच वजन दोन किलो भरेल."

"भरू दे. विमानतळावर मोजे शोधत बसलीस की मला फोन करशील."

"फोन करीन, पण मोजे सापडल्यावर!"

एका दुपारी मी तुम्हाला प्रवासाची सवय व्हावी म्हणून सहा खुर्च्या ओळीत मांडल्या. तू कमरेवर हात ठेवून बघितलंस. "आजी, ऐसे नहीं होता." चार खुर्च्या फरफटत परत जेवणाच्या टेबलाशी नेल्यास. उरल्या दोन. पुढच्या खुर्चीवर बाहुली बसली, ती पायलट. मागच्या खुर्चीवर तू आईला बसवलंस, तिच्या मांडीवर धाकट्याला ठेवलंस आणि दोघांना माझ्या ओढणीने असं आवळलंस की तो लाल झाला.

मी विचारलं, "आणि तू गं?"

"मैं नीचे से टाटा करूँगी."

आम्ही किती हसलो! तुझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. आता त्या हसण्याची मला जरा लाज वाटते, पण तेव्हा तो खेळ वाटला.

मग तू गजक खाईनाशी झालीस. नया बाजारातून ताजी, कुरकुरीत, तीळ-गुळाची गजक आणलेली, थंडीचे दिवस, आणि तू तोंड फिरवून बसलेली! धाकट्याने तुकडा उचलला तर त्याच्या तोंडात बोट घालून तो बाहेर काढलास. "मोटा हो गया तो आई की गोदी में नहीं आएगा!" त्याने असं भोकाड पसरलं की शेजारच्या काकू जिन्यातून वर आल्या, काय झालं बघायला.

जायला दोन दिवस उरले होते. मी कपाटापाशी उभी होते. माझ्या कपाटाच्या प्रत्येक खणाला चिठ्ठी असते, चादरी, स्वेटर, औषधं, हे तुला ठाऊक होतं. तू तुझे तीन फ्रॉक आणि एक बूट घेऊन आलीस.

"आजी, मला एक खण दे. आणि माझ्या नावाची चिट्ठी लगा दे."

"कशाला गं?"

"मी इथेच राहणार ना. बाबू आई की गोदी में जाएगा. मेरी जगह नहीं है." आणि मोठ्या माणसासारखा श्वास सोडून म्हणालीस, "कोई बात नहीं. नई सडक पे स्कूल है ना?"

खरं सांगते. मी स्वेटरांचा खण रिकामा करायला लागले. निम्मा झालाही होता. एवढंसं पोर राहील, रोज दोन वेण्या घालू, शाळेत सोडू, असं सगळं त्या निम्म्या खणात मला दिसलं. मग तुझा चेहरा दिसला. तू रडत नव्हतीस, आणि तेच मला बघवेना.

मी तुझ्या आईला हाक मारली. आम्ही तुला फोनवर मोठ्या विमानाचे फोटो दाखवले, सीटांच्या रांगाच्या रांगा.

"वो तो सिविलियन वाला है," तू म्हणालीस. "हम सिविलियन थोड़ी हैं!"

शेवटी बाबांना व्हिडिओवर बोलावलं. तिकडे पहाट होती, बाबांचे केस उभे राहिलेले. आईने सगळं सांगितलं. मग ते ताठ उभे राहून म्हणाले, "तीन सीट बुक आहेत. तुझी खिडकीची."

"नंबर बोलो."

"बारा ए."

"फौजी प्रॉमिस?"

बाबांनी पायजम्यात कडक सॅल्यूट ठोकला.

त्यानंतर घरात जे झालं त्याची यादी मला करता आली नाही. तू गजकेचे पाच तुकडे एकदम तोंडात कोंबलेस, गच्चीवर पळालीस आणि सगळ्या गल्लीला ओरडून सांगितलंस, "मेरी भी सीट है! बारा ए!" धाकटा मागून "बाला! बाला!" करत नाचला. शेजारच्या काकू पुन्हा वर आल्या. मी फ्रॉक उचलून तिसऱ्या बॅगेत ठेवले आणि त्या बॅगेच्या यादीत लिहिले.

निघण्याच्या दिवशी ग्वाल्हेरच्या विमानतळावर मला दारापर्यंतच येता आलं. तुम्ही आत गेलात. मी पार्किंगमध्ये उभी होते, तोच फोन वाजला.

"आजी! आजी, यहाँ तो बहुत सारी खाली हैं! मेरे बाजू में ही खाली है! तू पण ये ना, पळत ये!"

"अगं, माझं तिकीट नाही."

"मैं पकड़ के बैठी हूँ. जल्दी!"

पुढे फोन बंद करायला लावला. मी तिथेच मोठ्याने हसायला लागले, एक टॅक्सीवाला विचारून गेला, "माताजी, ठीक हैं ना?" तुझ्या आईने नंतर सांगितलं, ती धाकट्याला घेऊन वाटेपलीकडे बसली होती आणि तू ती रिकामी सीट दिल्लीपर्यंत सोडली नाहीस. आधी दप्तर ठेवलंस, विमानातल्या ताईने ते वर ठेवायला सांगितलं, तर स्वतःच्या पट्ट्यातून पाय लांब करून त्या सीटवर पसरलीस. दिल्लीला काचेतून परदेशी जाणारं पुढचं मोठं विमान दिसल्यावर आईचा फोन हिसकावून घेतलास.

"आजी, इसमें तो पूरा पाटणकर बाजार आ जाएगा! काकूंना पण घेऊन ये!"

मी घरी परतले होते आणि काकू माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि विचारलं, "बेटा, खिड़की वाली मिलेगी?"